प्रतवारीचा हंगाम

सप्टेंबर संपत आला की आमच्या इथे कॅनडात, व्हिटबीच्या ग्रोसरी दुकानात दाराशीच काळ्या-निळ्या द्राक्षांच्या टोपल्या मांडतात. ही इथलीच द्राक्षं, तळ्याच्या पलीकडच्या नायगाराच्या बाजूची. साल जाड, आत बिया, आणि वास असा की दुकानाचं सरकतं दार उघडलं की आधी तोच अंगावर येतो. शोभा, म्हणजे माझी बायको, दर वर्षी एक टोपली उचलते आणि मी दर वर्षी ती परत जागेवर ठेवतो.

"अहो, त्या द्राक्षांनी काय घोडं मारलंय तुमचं?" ती विचारते.

काय मारलंय ते तिला चांगलं माहीत आहे. तरी विचारते. मी अजून धरून बसलोय का, हे तिला बघायचं असतं. मी धरूनच बसलेला असतो. यंदाही टोपली ठेवून दिली आणि दूध, कोथिंबीर घेऊन बाहेर आलो. पार्किंग लॉटमध्ये मेपलची पानं ओली होऊन डांबराला चिकटली होती आणि हवेत तो सप्टेंबरअखेरचा गारवा होता, ज्यात जॅकेट घातलं तर उकडतं आणि काढलं तर शिंका येतात. तीन वर्षांपूर्वीचा तो हंगाम अगदी अशाच हवेत सुरू झाला होता.

त्या वर्षी मे महिन्यात मी रिटायर झालो. आधी विंडसरला आणि मग इकडे, मिळून सत्तावीस वर्षं मी मोटारींच्या सुट्या भागांच्या कारखान्यांत क्वालिटी इन्स्पेक्टर होतो. पट्ट्यावरून भाग येणार, मी तो उचलणार, मोजणार, पास किंवा नापास म्हणणार. एवढं साधं काम माणसाला इतकं चिकटतं हे सुटल्याशिवाय कळत नाही. रिटायर झाल्यावर पहिल्या महिन्यात मी घरातल्या सगळ्या बिजागऱ्यांचे स्क्रू आवळले. दुसऱ्या महिन्यात शोभाच्या पोळ्यांची जाडी व्हर्नियरने मोजली. त्यानंतर दोन दिवस मला पोळ्या मिळाल्या नाहीत. मग मी बेसमेंटमध्ये माझं एक टेबल मांडलं आणि तिथे बसायला लागलो. काय करत होतो, असं कुणी विचारलं तर सांगता येणार नाही.

केतकी, आमची एकुलती एक मुलगी, तेव्हा बावीस वर्षांची होती. विद्यापीठात बायोकेमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला. आमच्याकडेच राहायची आणि रोज ट्रेनने टोरोंटोला जायची. एके संध्याकाळी ती बेसमेंटचा जिना उतरून खाली आली. हातात पांढऱ्या कार्डांचा रबरबँड लावलेला गठ्ठा होता.

"बाबा, आर यू बिझी?"

"मी? छे. बोल."

"माझा एक इलेक्टिव्ह आहे, फर्मेंटेशनचा. त्यात जर्मन वाइन क्लासिफिकेशन आहे. इट्स ऑल मेमोरायझिंग. डिसेंबरमध्ये एक्झाम आहे. विल यू क्विझ मी? लाइक बिफोर?"

लाइक बिफोर. आमच्या मिरजेच्या घरात याला तोंडी घेणं म्हणत. परीक्षा आली की आई पुस्तक मांडीवर घेऊन बसायची आणि आम्ही भावंडं समोर हात बांधून उभी. केतकीची तोंडी मी घ्यायचो. पाढे, रामरक्षा, कॅनडाचे प्रांत आणि त्यांच्या राजधान्या. नववीत गेल्यावर ती एक दिवस म्हणाली, "आय कॅन डू इट मायसेल्फ, बाबा," आणि पुस्तक माझ्या हातातून काढून घेतलं. तिने ते अगदी सहज केलं आणि मीही हसलो. पण त्यानंतर आमच्या दोघांमध्ये बोलायला फारसं काही उरलं नव्हतं. गाडीत बर्फ, जेवताना मार्क्स, बस. आता आठ वर्षांनी ती पुन्हा गठ्ठा घेऊन समोर उभी होती आणि मला इतका आनंद झाला की मी आधी चष्मा शोधायचं निमित्त करून पाठ फिरवली.

मी वाइन पीत नाही. लग्नाच्या टेबलावर पेला भरून ठेवतात, तो तसाच परत जातो, इतकीच माझी ओळख. पण प्रतवारी म्हटलं की माझे कान टवकारतात. आणि ही प्रतवारी तर जर्मनांनी केलेली. त्यांच्याकडची यंत्रं मी आयुष्यभर वापरली होती, त्यामुळे त्यांनी द्राक्षाचंही काही नीट मोजलं असणार याची खात्री होती.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर आमची बैठक बसू लागली. संध्याकाळी पाच ते सहा, कारण सहानंतर तिला लॅबसाठी ट्रेन पकडायची असे. घर गरम करणारा फर्नेस वर्षात पहिल्यांदा सुरू झाला की घरभर जळक्या धुळीचा वास येतो, तो वास, शोभाच्या आल्याच्या चहाचा वास, केतकीच्या ओल्या केसांचा वास. खिडकीबाहेर शेजाऱ्यांचं झाड रोज थोडं थोडं लाल होत होतं. मी कार्ड उचलायचो.

"खालून वर."

"डॉइचर वाइन. लांडवाइन. क्वालिटेट्सवाइन. प्रेडिकाट्सवाइन."

"सगळ्यात वरच्या वर्गाला काय बंदी?"

"रसात साखर घालायची नाही. फक्त द्राक्षाची स्वतःची."

"शाब्बास. आता प्रेडिकाटच्या पायऱ्या."

"काबिनेट, श्पेटलेसे, आउसलेसे, बेरेनआउसलेसे, आइसवाइन, ट्रॉकनबेरेनआउसलेसे."

शेवटचा शब्द ती एका श्वासात म्हणायची. मला तो दोन आठवडे जमला नाही आणि नंतर इतका जमला की मी दाढी करताना म्हणू लागलो. पुढे पुढे शोभाही ओट्यापाशी भाजी चिरताना पुटपुटायची, काबिनेट, श्पेटलेसे, आउसलेसे, जणू काही ती संध्याकाळची आरतीच. तिघांचं मिळून असं एका सुरात काही चालल्याला किती वर्षं झाली होती ते मोजायच्या फंदात मी पडलो नाही.

माझं शब्द पाठ करून भागेना, म्हणून मी लायब्ररीतून पुस्तक आणलं. त्यात जे कळलं त्याने मी गारच झालो. जर्मनांनी ही प्रतवारी वाइनची केलेलीच नाही. द्राक्षाची केली आहे. तोडणीच्या दिवशी रस काढायचा आणि त्याची घनता मोजायची. एक लिटर पाण्याचं वजन हजार ग्रॅम. रसाचं वजन हजार सत्तर भरलं तर तो सत्तर एक्सले. जितकी साखर जास्त तितका रस जड. मोझेल नदीच्या काठी सत्तर भरला तर काबिनेट, शहात्तरला श्पेटलेसे, त्र्याऐंशीला आउसलेसे. एकशे पन्नासला ते लांबलचक नाव, ज्यात द्राक्षं वेलीवरच सुकून बेदाण्यासारखी झालेली असतात आणि माणसं ती एकेक मणी निवडून तोडतात. बेदाणा म्हटल्यावर मला तासगावच्या मावशीकडची शेड आठवली. जाळ्यांवर पसरलेले घड, आंबूस-गोड वास, आणि पाट्यांवर बसून हिरवा, पिवळा, काळा बेदाणा वेगळा करणाऱ्या बायका. मी ते केतकीला सांगितलं. तिने पेन खाली ठेवलं आणि तिच्या आजीच्या बहिणीचं नाव विचारलं. असा प्रश्न तिने त्याआधी कधी विचारला नव्हता.

आइसवाइनचं तर आपल्या दारातच चालतं. नायगाराला जानेवारीच्या थंडीत वेलीवर गोठलेली द्राक्षं तोडतात, गोठलेलीच दाबतात, पाणी बर्फ होऊन मागे राहतं आणि साखरेचा दाट रस थेंब थेंब उतरतो. इथे त्यासाठी उणे आठ किंवा त्याखाली तापमान लागतं. पारा उणे सातवर थांबला तर सगळे मळेवाले हात चोळत बसतात. हे वाचून मला त्या मळेवाल्यांबद्दल एकदम आपुलकी वाटली. एका अंशासाठी माल नापास करणारी माणसं मला आवडतात.

पण मग माझं डोकं अडकलं. मी तिला विचारलं, "म्हणजे आउसलेसे ही काबिनेटपेक्षा चांगली वाइन?"

"नॉट नेसेसरिली."

"गोड तरी जास्त?"

"नाही. सगळी साखर फर्मेंट होऊ दिली तर आउसलेसेसुद्धा ड्राय होऊ शकते. मग लेबलवर ट्रॉकन लिहितात. काबिनेट गोड असू शकते."

"मग हा वर्ग सांगतो काय?"

"तोडलं त्या दिवशी द्राक्ष किती पिकलेलं होतं. दॅट्स इट. पुढे काय केलं ते नाही सांगत."

मला हे पटलं नाही. मी म्हटलं, आमच्या कारखान्यात कच्चं लोखंड चांगलं होतं म्हणून ब्रेक पास केला असता तर लोक मेले असते. ती खूप हसली. तिने सांगितलं की आता तिथेही नवा विचार चाललाय. द्राक्षाच्या साखरेपेक्षा ते कुठल्या मातीत, कुठल्या उतारावर वाढलं ते महत्त्वाचं. आधी प्रदेश, मग गाव, मग तो एकच मळा. जितका पत्ता नेमका तितका वर्ग वरचा. उत्तम मळ्यातली ड्राय वाइन असेल तर तिला ग्रोसेस गेवेक्स म्हणतात, आणि तिच्यावर काबिनेट वगैरे काही लिहीत नाहीत. आणखी एक गोष्ट तिने सांगितली. जुन्या कायद्यात गावाचं नाव आणि पुढे टेकडीचं नाव असं लेबल असलं की वाटतं हा एकच प्रसिद्ध मळा असेल. पण काही नावं अशी आहेत की ती आजूबाजूच्या कितीतरी गावांतल्या मिळून मळ्यांना दिलेली आहेत. लेबल बघून ओळखता येत नाही.

"म्हणजे फसवणूक," मी म्हटलं.

"टेक्निकली नाही, बाबा. लेबलवरचा प्रत्येक शब्द लीगल आहे."

"फसवणूकच ती."

ती कार्डांना रबरबँड लावून उठली, संध्याकाळच्या लॅबला निघून गेली. तिची मान खाली होती हे मला आता आठवतं. तेव्हा मी माझ्याच मुद्द्यावर खूश होतो.

आणि इथे मी तोंडघशी पडलो, तोही माझ्याच हाताने. पुस्तकातला तक्ता वाचताना माझ्या लक्षात आलं की एक्सलेचे आकडे प्रदेशाप्रमाणे बदलतात. दक्षिणेला ऊन जास्त, म्हणून तिथे काबिनेटलाही जास्त एक्सले लागतात. केतकीच्या कार्डांवर मात्र एकाच प्रदेशाचे आकडे होते. म्हणजे कोर्सच्या नोट्समध्ये चूक. अशा वेळी कुणी शांत बसेल, मी नाही बसू शकत. मी एक व्यवस्थित तक्ता बनवला, विद्यापीठाच्या त्या विभागाचा पत्ता शोधला, आणि एका विद्यार्थिनीचा पालक म्हणून, अत्यंत आदराने, फर्मेंटेशनच्या कोर्समधली ही त्रुटी त्यांच्या नजरेस आणून दिली. केतकीला आधी सांगितलं नाही. म्हटलं, प्रोफेसरचं उत्तर आलं की दाखवू, तिची कॉलर ताठ होईल.

चार दिवसांनी उत्तर आलं. फार सौजन्याचं होतं. तक्त्याबद्दल आभार, परंतु आमच्याकडे असा कोर्स नाही. विद्यार्थ्यांविषयीची माहिती पालकांना देता येत नाही, तरी आपण आपल्या मुलीशी बोलावं असं सुचवतो.

ती शेवटची ओळ मी किती वेळा वाचली कुणास ठाऊक. वर गेलो. शोभा कोथिंबीर निवडत होती. मी फोन तिच्यापुढे धरला. तिने वाचलं, कोथिंबिरीची जुडी बाजूला ठेवली आणि पदरालाच हात पुसले. घाबरली नाही, आश्चर्यानेही बघितलं नाही. तेवढ्यावरून मला कळलं.

"तुला माहीत होतं."

"हो."

"कधीपासून?"

"जानेवारीपासून. सोडलं तिने कॉलेज. एका रेस्टॉरंटमध्ये काम करते, वाइनचं शिकते. संध्याकाळची लॅब म्हणजे तेच."

"आणि मी दोन महिने टेबलाशी बसून..."

"तुम्ही इतके खुशीत होतात," शोभा म्हणाली. "मला वाटलं परीक्षा होऊ दे, मग सांगू. किती दिवसांनी तुम्ही हसत होतात हो."

मला आठवलं, ओट्याशी उभी राहून ही काबिनेट, श्पेटलेसे म्हणत होती. मला काहीच कळत नसताना ती त्या खेळात सामील होती. तिच्यावरचा राग मला कळेल तरी, मुलीवरचाही कळेल. पण त्या क्षणी मला सगळ्यात जास्त लाज वाटली ती माझीच. मावशीच्या बेदाण्याच्या गोष्टी सांगणारा, दाढी करताना जर्मन शब्द म्हणणारा, मित्राला फोनवर "केतकीचा मास्टर्स जर्मनीत होणार बहुतेक" असं सांगणारा म्हातारा. सत्तावीस वर्षं हातात आलेला भाग मी नुसत्या स्पर्शाने ओळखत होतो आणि माझ्या घरातलं काही ओळखलं नाही.

केतकी आली तेव्हा मी टेबलाशीच बसलेलो होतो. तिने आमच्या दोघांच्या चेहऱ्यांकडे बघितलं आणि कोट न काढताच खुर्ची ओढली.

"मी सांगणार होते."

"कधी?"

"एक्झाम झाल्यावर. बाबा, एक्झाम खरी आहे. आय डिडन्ट लाय अबाउट दॅट. वाइनची सर्टिफिकेशन एक्झाम आहे. मला हेच करायचंय. बायोकेम मला कधीच नको होतं, पण तुम्ही इतके..."

"मी इतका काय?"

"यू वेअर सो शुअर," ती म्हणाली.

मी कार्डांचा गठ्ठा तिच्यापुढे सरकवला. म्हटलं, "तुझं तू कर. यू कॅन डू इट युअरसेल्फ." आठ वर्षं जपून ठेवलेलं वाक्य होतं ते. बोललो आणि लगेच वाटलं, बोलायला नको होतं. पण परत घेतलं नाही. गठ्ठा तिने उचलला आणि वर गेली.

परीक्षा आठ दिवसांवर होती. ते आठ दिवस पाच वाजले की स्वयंपाकघरातला दिवा शोभा मुद्दाम लावून ठेवायची आणि मी खाली बसून राहायचो. वर खुर्ची सरकल्याचा आवाज यायचा, कार्ड टेबलावर पडल्याचा आवाज यायचा. ती एकटीच पाठ करत होती. ट्रॉकनबेरेनआउसलेसे म्हणताना ती नेहमीसारखी श्वास घेते का, हे ऐकायला मी जिन्याच्या खालच्या पायरीपर्यंत गेलो आणि परत आलो. माझ्या मनात एकच होतं. हिने मला वापरलं. घरातल्या एका रिकाम्या माणसाला कार्ड धरायला बसवलं.

परीक्षेच्या दिवशी सकाळी पहिला खरा बर्फ पडला होता. मी ड्राइव्हवे शोव्हल करत होतो. केतकी बॅग घेऊन बाहेर आली. दारात शोभाने तिच्या तळहातावर दही-साखर ठेवली. आमच्याकडे परीक्षेला जाताना आधी आई देते, मग बाप देतो. केतकी पायरीवर थांबली, हात तसाच पुढे धरून. मी फावडं टेकवून उभा राहिलो आणि म्हणालो, "गाडी स्टार्ट केली आहे, आई सोडेल स्टेशनवर." ती मान हलवून गाडीत बसली. चार-पाच तासांनी परत आली आणि म्हणाली, "इट वेंट ओके." मी वर्तमानपत्र खाली केलं नाही. त्यानंतर दर डिसेंबरला पहिला बर्फ पडला की तो पुढे धरलेला हात मला दिसतो. रागाच्या भरात माणूस काय काय करतो, पण मुलगी परीक्षेला जाताना कुणी असं करत नाही. शोभाशी मी याबद्दल कधी बोललो नाही आणि तिनेही विषय काढला नाही.

केतकी आता टोरोंटोच्या एका मोठ्या रेस्टॉरंटमध्ये वाइनचं सगळं बघते. लोक तिला विचारून ऑर्डर करतात. आम्ही बोलतो, जेवतो, गणपतीला ती येते, मोदकांचा फोटो काढते. भांडण मिटलं म्हणायला हरकत नाही. पण तो हंगाम माझ्याकडून काढून घेतला गेला, ही सल काही जात नव्हती. माझ्या रिटायरमेंटनंतरचे सगळ्यात सुंदर दोन महिने, आणि त्यात मी सोडून प्रत्येकाला माहीत होतं की ते काय आहेत. मला एखादी आठवण चांगली वाटायला लागली की लगेच तिच्यामागे शोभाचा चेहरा येतो, कोथिंबीर बाजूला ठेवतानाचा. द्राक्षांची टोपली मी म्हणूनच परत ठेवतो. मला तो वास आवडतो, हेच मला सहन होत नाही.

गेल्या रविवारी आम्ही केतकीच्या नव्या कॉन्डोत गेलो. या महिन्यातच तिने भाड्याने घेतलाय, बाविसाव्या मजल्यावर, खिडकीतून तळ्याचा एक तुकडा दिसतो. शोभा पिशव्यांतून डबे काढून फ्रिज भरत होती. केतकीने बोलता बोलता भिंतीवरच्या फ्रेमा दाखवल्या आणि आईच्या मदतीला गेली. तिथे तिचं ते सर्टिफिकेट होतं. जर्मन वाइनचं, तेच. मी कुठलाही कागद खालून वाचायला सुरुवात करतो. आधी तारीख, मग सही, मग मजकूर. कारखान्याची सवय. तारीख जूनची होती. मी साल बघितलं. तीन वर्षांपूर्वीचं. मी रिटायर झालो त्याच्या पुढच्या महिन्याचं.

मी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं. मग केतकीला हाक मारली, जरा हळूच.

"ही तारीख बरोबर आहे?"

ती आली. तिने फ्रेमकडे बघितलंच नाही, माझ्याकडे बघितलं.

"हो, बाबा."

"जून."

"हो."

"आणि आपण सप्टेंबरात सुरू केलं."

ती स्वयंपाकघराकडे वळून बघून आवाज खाली करत म्हणाली, "तुम्ही दिवसभर बेसमेंटमध्ये बसायचात. मी खाली आले की तुम्ही अंधारात असायचात. यू वुडन्ट इव्हन टर्न द लाइट ऑन. मला दुसरं काय करायचं ते कळत नव्हतं. आय नो एक्झाम्स. तुमच्याबरोबर मला तेवढंच येतं."

"मग त्या डिसेंबरच्या सकाळी कुठे गेली होतीस?"

"स्टेशनजवळच्या कॉफी शॉपमध्ये. चार तास बसले."

"कशाला? तोपर्यंत मला सगळं कळलं होतं."

"नॉट धिस." तिने माझ्या हातातला चष्मा घेतला, तिच्या शर्टाने पुसला आणि परत दिला. "कॉलेजचं कळल्यावर तुम्ही इतके हर्ट झालात. त्यात परीक्षाही नाही असं कळलं असतं, तर तुम्ही मला काही शिकवलं, तेही गेलं असतं. म्हटलं, तेवढं तरी राहू दे तुमच्याकडे."

"आईला?"

"आईलापण माहीत नाही. तिला वाटतं मी तिला सगळं सांगते."

मला काय वाटलं ते मी प्रामाणिकपणे सांगतो. आधी पुन्हा तेच वाटलं, फसवलं. आणखी एकदा, आणखी खोलवर. मला वाटत होतं माझा वापर झाला. पण तेवढाही झाला नव्हता, तिला माझी काहीच गरज नव्हती. जे पूर्ण येतं ते ती माझ्यासमोर अडखळत, चुकत, पुन्हा आठवत म्हणत होती, आणि मी शाब्बास म्हणत होतो. मग वाटलं, आठ दिवस ती वर एकटी बसून कार्ड टाकत होती ते कुणासाठी? मी जिन्याखाली उभा आहे हे तिला माहीत होतं का? आणि बर्फात पायरीवर उभं राहून तिने तळहात पुढे केला, तेव्हा पुढे कुठलीही परीक्षा नव्हती. तरी ती थांबली होती. हे सगळं विचारावंसं वाटलं. पण शोभा डब्यांची झाकणं पुसत बाहेर आली आणि आम्ही दोघंही तळ्याकडे बघायला लागलो.

येताना हायवेला गर्दी होती. शोभा म्हणाली, "त्या भिंतीपाशी इतका वेळ काय बघत होतात हो?"

ती त्या सकाळी दारात उभी होती, तिनेच गाडी चालवली होती, दिवसभर देवापाशी दिवा लावून ठेवला होता. पोरगी माझ्यापासून काही लपवत नाही, हे तिचं बोलणं मी तीन वर्षं ऐकतोय आणि प्रत्येक वेळी मनात चरफडतोय. आता एका वाक्यात मला परतफेड करता आली असती. वाक्य तयारही होतं.

"काही नाही," मी म्हणालो. "फ्रेम जरा तिरकी लागली होती."

"मग सरळ करायची ना."

"केली."

"बरं झालं," ती म्हणाली, सीट मागे केली आणि डोळे मिटले. क्षणभरही तिने माझ्याकडे बघितलं नाही. इतकं सोपं असतं हे, मला माहीत नव्हतं.